सिद्धकर्णिका

धामणकर नाक्यावरून आत, कापडाचे तागे भरलेले टेम्पो उभे राहतात त्या गल्लीत एक हॉल आहे. लग्नसराई संपली की तिथे कुत्रंही फिरकत नाही. त्या रविवारी मात्र चपलांचा ढीग पार रस्त्यावर आला होता. शेअर रिक्षावाले हॉर्न वाजवून आणि शिव्या देऊन थकले होते. आत इतकी दाटी होती की पंख्याचा वारा खाली बसलेल्यांपर्यंत पोचत नव्हता. तरी हॉल चिडीचूप होता. सगळ्यांचे डोळे बायजाबाईच्या चेहऱ्याकडे लागले होते.

बायजाबाई आमच्या राहनाळची. उभी हयात लूमच्या म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरण्यात गेली आणि त्या खडखडाटाने तिचे कान जड झाले. मंचावरच्या गादीच्या खुर्चीत ती अंग चोरून बसली होती. समोर रेशमी भगवा कुर्ता, गळ्यात उपरणं आणि गालाला चिकटवलेला माईक अशा थाटात निनादनाथ महाराज उभे होते.

"माई, आधी हे ऐका. ही परदेशी कंपनी. मोठमोठे गायक, वादक, उद्योगपती हे कानात घालतात. गाडीच्या किमतीचं यंत्र आहे. घाला हो यांच्या कानात."

बाजूला उभ्या शिष्येने काळेभोर, चकचकीत इअरफोन बायजाबाईच्या कानात अडकवले. महाराजांनी मोबाइलवर भजन लावलं.

"काय ऐकू येतंय, माई?"

"टाळ वाजतान कुठंतरी लांब. पत्र्यावर खडे पडल्यासारं."

"बस्स? एवढ्या महाग यंत्रातून नुसते खडे?" महाराजांनी लोकांकडे पाहून भुवई उडवली. लोक हसले. "आता ही सिद्धकर्णिका."

तबकातून त्यांनी सोनेरी रंगाची इअरफोनची जोडी उचलली. तिच्या टोकाची मऊ टोपी दोन बोटांत दाबून मळली, ओठांतल्या ओठांत मंत्र पुटपुटले, एका हाताने म्हातारीचा कान वर आणि मागे ओढला आणि दुसऱ्या हाताने कर्णिका आत सारली. मग ती तशीच दाबून धरून डोळे मिटले.

"घाई करू नका, माई. आवाज येतो, पण नाद उतरतो. उतरायला वेळ घेतो. थांबा... थांबा..."

बायजाबाईचे डोळे हळूहळू मोठे झाले. तिने छातीवर हात ठेवला.

"अगो बाय! मिरदुंग! पोटात वाजतं माझे! मना समदा आयकू येतं!"

हॉल उसळला. बायकांनी पदर पुढे करून नमस्कार केले. एकाने नारळ फोडला, त्याचं पाणी पुढच्याच्या पाठीवर उडालं, तर तो तेही तीर्थ म्हणून डोळ्यांना लावून मोकळा झाला.

"महागडं यंत्र कानापर्यंत पोचतं," महाराज म्हणाले. "सिद्धकर्णिका आत्म्यापर्यंत पोचते. हिच्यात शुद्ध चांदीची तार आहे, रुद्राक्षाची पूड आहे, आणि माझ्या बारा वर्षांच्या मौनाची कंपनं आहेत."

बारा वर्षं मौन पाळलेला हा माणूस मी हॉलमध्ये शिरल्यापासून श्वास घ्यायलाही थांबला नव्हता.

माझ्या शेजारी बसलेला दीपेश पुढे वाकून ऐकत होता. हा आमच्या शेजारचा तरुण, राहनाळच्या एका गोदामात सुपरवायझर. त्याला भारीतल्या इअरफोनचा शौक. कुठल्या जोडीचा तबला कसा वाजतो, कुठलीत गायिका मध्ये उभी राहते आणि कुठलीत बाजूला सरकते, यावर तो तासभर बोलू शकतो.

"गुरुजी, मी आंधळा भक्त नाही बरं का," तो कुजबुजला. "मागच्या रविवारी मी स्वतःच्या जोडीशी लावून बघितली ही. माझे कान तयार आहेत. पण हिच्यासमोर माझी जोडी फिकी पडली हो. म्हणून तर घेतली."

"घेतलीस?"

"दक्षिणा दिली," त्याने दुरुस्त केलं.

मी तिथे इअरफोन पाहायला गेलो नव्हतो. माझ्या शनिवारच्या विज्ञानवर्गाला येणारी नेत्रा तिथे येणार आहे असं कळलं होतं, म्हणून गेलो होतो. नेत्रा तिसरीत. तिचा उजवा कान वर्षभर वाहत होता. शेवटी शाळेतल्या बाईंनी आग्रह केल्यावर घरच्यांनी तिला कानाच्या डॉक्टर रीमा यांच्याकडे नेलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं: दोन्ही कानांनी ऐकू कमी येतं, उजव्या कानाच्या पडद्यामागे रोग हाडापर्यंत पोचलाय, ऑपरेशन लांबवू नका, हा रोग मेंदूपर्यंत जाऊ शकतो. पुढच्या सोमवारची तारीखही मिळाली होती.

आणि आता नेत्रा मंचावर चढत होती. तिच्या मागे तिचे आईवडील, विनिता आणि पंढरी. पंढरी माझा जुना विद्यार्थी. घराच्या खालच्या मजल्यावर त्याचे स्वतःचे लूम आहेत.

निनादनाथांनी नेत्राच्या कानात कर्णिका बसवल्या. बायजाबाईच्या कानातून काढलेल्याच. मधे फक्त उपरण्याच्या टोकाला पुसल्या. ते तिच्यासमोर गुडघ्यावर बसले आणि माईक हाताने झाकून अगदी हळू बोलले. पहिल्या रांगेतही ऐकू गेलं नाही.

"नेत्रा," ती खणखणीत म्हणाली.

महाराजांचे ओठ पुन्हा हलले.

"वरणभात. आणि सुकट."

लोक हसले, मग टाळ्यांचा कडकडाट झाला. पंढरी रडत होता.

"डॉक्टरांची मशीन म्हणते, हिला ऐकू येत नाही," महाराज उभे राहत म्हणाले. "मी कुजबुजलो ते तुम्हाला आलं का ऐकू? नाही! हिला आलं! पण लक्षात ठेवा, या कानाला लोखंड लागता कामा नये. सुरी लागली की नाद उडाला. येत्या रविवारी शिबिराच्या समाप्तीचा सोहळा आहे. त्या दिवशी आईबाप सर्वांसमोर तशी शपथ घेतील."

हॉलबाहेर मी पंढरीला गाठलं.

"अरे, कान वाहतोय तिचा. त्यात दुसऱ्याच्या कानातली टोपी दाबून बसवतात का?"

"महाराज म्हणाले, जुना दोष बाहेर पडतोय तो. पडू द्या." त्याने डोळे पुसले. "गुरुजी, तुम्ही डोळ्यांनी बघितलंत ना? मग? कवटी फोडायची म्हणतात त्या डॉक्टर! माझ्या एवढ्याशा पोरीची! आणि ती तर सगळं ऐकते. घरात कधी एक शब्द चुकली नाय."

"मग घरीच एकदा तपासून बघू या का?"

"नाय नाय. संशय घेतला, परीक्षा बघितली, तर नाद उडतो. पहिलीच अट आहे ती."

अशी अट घालणाऱ्या माणसाच्या अकलेला मनातल्या मनात दाद दिली आणि मला थुंकावंसं वाटलं.

*

शनिवारी मुलं माझ्या पडवीत जमली. मी दीपेशला त्याची महागडी जोडी आणि सिद्धकर्णिका घेऊन बोलावलं होतं. तिसरी जोडी मीच आणली होती, पुलाखाली ढीग मांडून विकतात तसली. नेत्राला घरच्यांनी पाठवलं नव्हतं.

"आज आवाजांची तुलना करायची," मी मुलांना म्हणालो. "परीक्षक दीपेशदादा. त्याचे कान तयार आहेत."

"मग डोळे कशाला हवेत?" दीपेशची धाकटी बहीण मेघाली म्हणाली. ती सातवीत आहे आणि तिला भावाचं मन राखण्याची सवय नाही. तिने ओढणी काढून त्याच्या डोळ्यांवर करकचून बांधली.

आधी दीपेशने आपल्या हाताने दोन्ही जोड्या घालून पाहिल्या. "ही कर्णिका. कळतंच ना! ढोलकी बघ कशी भरून येते. ही माझी. पोकळ."

"दादा, दोन्हीच्या टोप्या वेगळ्या आहेत," मेघाली म्हणाली. तिने दोन्ही जोड्या हातावर घेतल्या होत्या. "तुझ्या जोडीला रबराची आहे. हिला स्पंजाची. दाबली की बारीक होते आणि हळूहळू परत फुगते. बघा गुरुजी."

मुलांनी टोपी दाबून दाबून पाहिली. दाबलेला स्पंज सावकाश फुगत मूळ आकाराला येत होता.

"आता विचार करा," मी म्हणालो. "कानाचं भोक आणि टोपी यांच्यात फट राहिली तर काय होईल?"

"आवाज बाहेर जाईल."

"कुठला आवाज आधी जाईल? टाळ की ढोलकी?"

कोणालाच माहीत नव्हतं. म्हणून आम्ही करून पाहिलं. प्रत्येकाने इअरफोन कानात घट्ट बसवला आणि मग थोडा सैल केला. सैल केल्याबरोबर ढोलकीचा घुमारा गेला आणि टाळांची टिणटिण तेवढी उरली. जाड, खालचे आवाज फटीतून निसटतात. फट बुजली की ते परत येतात. हे मी सांगायच्या आधी पडवीतली पोरं ओरडून एकमेकांना सांगत होती.

"म्हणजे नाद उतरतो म्हणजे..." मेघाली हसायला लागली. "स्पंज फुगतो!"

"आणि महाराज कान वर ओढतात तो?" दीपेशने विचारलं.

"कानातली वाट वाकडी असते. कान वर आणि मागे ओढला की ती सरळ होते. तुमचे डॉक्टरही कान बघताना तेच करतात, फक्त मंत्र म्हणत नाहीत," मी म्हणालो.

मेघालीने टोप्यांची अदलाबदल केली. स्पंजाच्या टोप्या पुलाखालच्या जोडीला लावल्या आणि महाराजांसारखंच डोळे मिटून, तोंडाने पुटपुटत त्या दादाच्या कानात बसवल्या.

दीपेशचा चेहरा उजळला. "ही! हीच कर्णिका! डोळे बांधले म्हणून काय झालं, लपत नाही ती!"

पडवी हसण्याने दणाणली. ओढणी काढली तेव्हा त्याला आपल्या हातातली स्वस्त जोडी दिसली आणि तो कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला.

"दादा, तयार कान कुठे ठेवून आलास?"

"गप गं." पण मुलगा प्रामाणिक. त्याने सगळ्या जोड्यांना सारख्या टोप्या लावून पुन्हा ऐकायचं ठरवलं. आता त्याची स्वतःची जोडी पुलाखालच्या जोडीला सहज मागे टाकत होती. तरी कर्णिका तिच्यापेक्षाही किंचित गोड वाटत होती. मी त्याला मोबाइलवर आवाजाचा आकडा तोच ठेवून दोन्हींचा आवाज नीट पारखायला सांगितला. कर्णिका मुळातच जराशी मोठ्याने वाजणारी होती. एवढासा फरक असला की माणसाला आवाज मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. दुकानदारही ही युक्ती करतात. दोन्हींचा आवाज सारखा केला आणि मेघालीने पुन्हा डोळे बांधले. आता दीपेशच्या स्वतःच्या जोडीतले बारकावे उलगडत गेले आणि कर्णिकेतली गायिका नाकात गायला लागली.

शेवटी त्याने स्वतःच चाकूने कर्णिका फोडली. चांदी नव्हती. रुद्राक्ष नव्हता. आत कुठल्याही स्वस्त जोडीत असतो तसाच एक साधा पडदा आणि तांब्याची बारीक तार होती. सोनेरी रंग त्याच्या अंगठ्याला लागला.

"हरामखोर," तो हळूच म्हणाला. मुलांसमोर असा शब्द वापरल्याबद्दल मी त्याला टोकलं नाही.

*

"पण गुरुजी," मुलं गेल्यावर मेघाली म्हणाली, "स्पंजाने नेत्राचं काय होणार? तिला तर खरंच ऐकू आलं."

तोच प्रश्न मला छळत होता. आम्ही दोघं पंढरीच्या घरी गेलो.

गल्लीच्या तोंडापासूनच लूमचा खडखडाट अंगावर येतो. दारात उभं राहिलं की पायाखालची फरशी थरथरते. पंढरी आत कारागिराशी बोलत होता, म्हणजे नुसते ओठ हलवत होता. त्या गोंगाटात ओरडून काही होत नाही, म्हणून लूमवाली माणसं आवाज वापरतच नाहीत. ओठ ठळक हलवायचे, बोटांच्या खुणा करायच्या. सुताचा धागा तुटला, ताण्याचा बीम संपला, चहा आला, मालक चिडलाय, सगळं असंच सांगतात. पाठमोऱ्या माणसाला हाक मारत नाहीत, जवळ जाऊन खांद्याला हात लावतात. जन्मभर असं काम केलेली माणसं घरीही तशीच वागतात.

विनिताने जिन्यावरून आम्हाला ओठांनीच विचारलं: चहा? मी मान हलवली. नेत्रा अंगणाच्या दुसऱ्या टोकाला होती. आईने तिलाही तसंच काहीतरी सांगितलं आणि ती पळत जाऊन साखर घेऊन आली.

"एक शब्द चुकत नाय, बघा," विनिता कौतुकाने म्हणाली.

परत येताना मेघाली गल्लीत थांबली.

"गुरुजी, नेत्रा शनिवारच्या वर्गात नेहमी माझ्यासमोर बसते. मी तोंड वळवून काही बोलले तर ती उत्तरच देत नाही. मला वाटायचं, आगाऊ आहे. आज वर ती भांडी मांडत होती तेव्हा मी अगदी जवळ जाऊन, मागून तिला तीनदा हाक मारली. तिने बघितलंसुद्धा नाही."

मला सगळं एकदम दिसलं. पोर ऐकत नव्हती, वाचत होती. लूमच्या घरात वाढलेली, पाळण्यात असल्यापासून ओठ वाचणारी. त्या घरात ती बहिरी होत गेली आणि कुणाच्या लक्षात येणं शक्यच नव्हतं, कारण त्या घरात ऐकण्यावाचून कुणाचं अडतच नव्हतं. आणि तो नाथ तिच्या तोंडासमोर गुडघे टेकून, माईक झाकून, ओठ ठळक हलवून बोलत होता. बायजाबाईचा स्पंज ही हातचलाखी होती. पण ही पोर ओठ वाचते हे त्याला पुरतं ठाऊक होतं. लूमच्या गावात मुद्दाम दुकान मांडलं होतं त्याने. मला त्या माणसाची किळस आली, ती अजून गेलेली नाही.

मी परत फिरून विनिताला सांगायचा प्रयत्न केला. तिने कानांवर हात ठेवले. "गुरुजी, नको. उद्या शपथ आहे. उगाच संशय घालू नका. पोरीचं काही झालं तर?"

*

रविवारी हॉल आधीपेक्षा भरला होता. महाराजांनी बायजाबाईला पुन्हा खुर्चीत बसवलं. तेवढ्यात दीपेश उठला. त्याने मंचावर जाऊन सांगितलं, की टोप्या बदला आणि मग ऐकवा. त्याने स्वतः टोप्या बदलल्या. बायजाबाईला काळ्या यंत्रातून मृदंग ऐकू आला आणि सोनेरी कर्णिकेतून खडे.

मला वाटलं, संपलं आता. निनादनाथांचा चेहरा क्षणभर उतरला. मग ते मोठ्याने हसले.

"बघा! सिद्धकर्णिकेच्या टोपीचा नुसता स्पर्श झाला, तर परदेशी यंत्रसुद्धा सिद्ध झालं!"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आधीपेक्षा जास्त.

"अरे ठार येडे का तुम्ही?" दीपेश ओरडला. "स्पंज आहे तो, स्पंज!"

"खाली बस रं पोरा!" मागून आवाज आला. "बायजाला आयकू येतं ना, तुझे बापाचा काय जातं?"

दीपेशला दोघांनी धरून खाली बसवलं. पंढरी आणि विनिता नेत्राला घेऊन मंचावर आले. तबकात पाणी आणि तुळशीपत्र ठेवलेलं होतं. महाराजांनी कर्णिकांची दुसरी जोडी तिच्या कानांत बसवली, ओठ हलवले, नेत्राने उत्तरं दिली, जयजयकार झाला. आता फक्त शपथ उरली होती.

मी उठलो. गावात म्हातारा मास्तर बोलायला उठला तर लोक अजून ऐकतात. मी आवाज चढवला नाही.

"महाराज, मला काही वाद घालायचा नाही. या मुलीला मी ओळखतो. तिला ऐकू आलं तर माझ्याइतका आनंद कुणाला होणार नाही. एकच इच्छा आहे. तिच्या बापाने तिला लांबून एक हाक मारावी. दारापासून. ती वळली, तर मी इथे सगळ्यांसमोर तुमच्या पायावर डोकं ठेवीन."

लोकांना ही कल्पना फार आवडली. मास्तरचं डोकं पायावर पडायचं म्हणजे सोहळाच. महाराजांनी हात वर केला. "परीक्षेने नाद उडतो, मास्तर."

"हाकेला काय परीक्षा म्हणतात, महाराज?" त्यांचे ओठ वाचून बायजाबाईच म्हणाली. "बाप हाय तो. हाक मारील नायतर काय!"

"मारू दे! एक हाक तर आहे!" सगळीकडून गलका झाला. पंढरी तर मंचावरून उतरूनही गेला होता. त्याला शंकाच नव्हती. माझा पराभव बघायची त्याला घाई झाली होती. मेघाली मंचावर नेत्रासमोर बसली आणि तिच्याशी ओठांनी काहीबाही बोलू लागली. नेत्राची पाठ लोकांकडे झाली. कर्णिकेतलं भजन मी बंद करायला लावलं, म्हणजे नंतर सबब नको. निनादनाथ बाजूला सरून शिष्येशी काहीतरी बोलत होते.

पंढरी दारात उभा राहिला. त्याने तोंडाशी हात धरले. लूमवाल्याचा आवाज वापरात नसतो, तो जरा फाटकाच निघाला.

"नेत्रा!"

सगळा हॉल मंचाकडे वळला. नेत्रा मेघालीकडे बघून हसत होती.

"नेत्रा! ए नेत्रा!"

कुणीतरी म्हणालं, लांब आहे, पुढे ये. तो अर्ध्या वाटेवर आला. "बाळा! हिकडं बघ!" पुढच्या रांगेतलं तान्हं मूल दचकून रडायला लागलं. नेत्रा वळली नाही. तो मंचाच्या पायरीपाशी आला. आता तो हाक मारत नव्हता, ओरडत होता. मानेच्या शिरा फुगल्या होत्या. मग तो पोरीच्या मागे गुडघ्यावर बसला, तिच्या वेणीपासून वीतभर अंतरावर, आणि त्याने शेवटची हाक मारली ती आम्हाला नीट ऐकूही आली नाही.

नेत्राने मेघालीला काहीतरी विचारलं आणि खुदकन हसली.

पंढरीने तिच्या खांद्याला हात लावला. ती लगेच वळली. "बाबा! तू कवा आलास?"

विनिताने पुढे होऊन लेकीच्या उजव्या कानातली कर्णिका काढली. स्पंजाची टोपी पिवळी झाली होती. तिने ती नाकाशी नेली आणि तोंड फिरवलं. मग ती निनादनाथांकडे चालत गेली आणि टोपी त्यांच्या नाकासमोर धरली.

"हा नाद का, महाराज? घ्या वास."

"श्रद्धा कमी पडली," निनादनाथ मागे सरकत म्हणाले. "बापाच्या मनात संशय..."

"माझ्या मनात?" पंढरी म्हणाला. तो अजून जमिनीवरच होता. "माझ्या मनात संशय असता तर आज वर्ष गेलं नसतं."

बायजाबाईने आपल्या कानातून दोन्ही टोप्या उपटल्या, तिच्या कानात घालण्याआधी आणखी कुणाकुणाच्या कानांत होत्या हे तिला त्या क्षणी आठवलं असावं, आणि ती पदराने कान पुसत सुटली. "शी! शी गो बाय!" बघता बघता अख्ख्या हॉलमध्ये लोक आपापले कान पुसत होते. त्या गोंधळात महाराज आणि शिष्या स्वयंपाकघराच्या दाराने निघून गेले. दक्षिणेचं तबक मात्र घेऊन गेले.

मी मंचावर जाऊन सगळ्यांना सांगितलं. टोपीचा स्पंज, ओढलेला कान, किंचित वाढवलेला आवाज आणि समोर हलणारे ओठ. एवढीच सिद्धी. काहींनी मान हलवली. काहींनी विचारलं, महाराज दक्षिणा परत देतील का. एक जण तर म्हणाला, "ते ठीक आहे गुरुजी, पण माझी पाठ बरी झाली होती ना त्याने."

जादूटोणाविरोधी कायद्याखाली आम्ही पोलिसांत तक्रार दिली. पंढरीने सही केली, बायजाबाईने अंगठा दिला. तरी पुढच्याच महिन्यात अकलोलीच्या गरम कुंडांजवळ त्याच माणसाचं शिबिर लागल्याचं कळलं. नाव बदललेलं, कुर्ता पांढरा. दीपेश आणि मेघाली टोप्यांची पिशवी घेऊन तिथे गेले. ते पोचेपर्यंत तो पसार झाला होता. असली माणसं संपत नाहीत, कारण त्यांचं गिऱ्हाईक संपत नाही.

नेत्राचं ऑपरेशन मात्र सोहळ्याच्या दुसऱ्याच दिवशी, ठरल्या सोमवारीच झालं. डॉक्टर रीमा यांनी बाहेर येऊन सांगितलं, की रोग काढला, जिवाचा धोका टळला. पण आतलं एक नाजूक हाड पार खाल्लं गेलं होतं. उजव्या कानाने तिला फारसं ऐकू येणार नाही. डाव्या कानाला यंत्र लावलं तर शाळा नीट होईल. "आणखी थोडे महिने गेले असते तर," त्या म्हणाल्या, आणि पंढरीचा चेहरा बघून थांबल्या. मग त्यांनी पंढरीचे कानही तपासले. विनिताचेही. दोघांचेही कान लूमने बरेच खाल्ले आहेत. ते कुणी कधी तपासलेच नव्हते.

वाचकहो, तुमच्या घरात लूम असो वा नसो, एक करा. तुमचं मूल खेळत असताना त्याच्या पाठीमागे उभे राहा. तोंड दिसू देऊ नका, पाय वाजवू नका, आणि साध्या आवाजात त्याचं नाव घ्या. ते वळलं नाही तर कानाच्या डॉक्टरकडे जा, त्याच आठवड्यात जा. वाहणाऱ्या कानात तेल, मंत्र, टोपी काहीही घालू नका. आणि कुणी तुम्हाला चमत्कार दाखवताना "परीक्षा बघू नका" असं म्हणाला, तर तिथेच आपल्या मुलाचा हात धरा आणि उठून चालू लागा. डॉक्टरला शंभर प्रश्न विचारता येतात, मास्तरलाही विचारता येतात. ज्याला एक हाकही सोसत नाही, त्याच्यासमोर आपलं मूल बसवायचं कशाला?